विद्यापीठातली सेन्सॉरशिप आणि अकादमिक स्वातंत्र्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पदवीच्या वर्गांना राज्यशास्त्र शिकवते आणि दोन मुदती अभ्यास मंडळावर काम केलं आहे. त्यामुळे शिक्षक, संशोधक विद्यार्थी आणि अधूनमधून पालकही फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घाईत असाल आणि तुमच्यावरच काही बेतलं असेल, तर थेट प्रश्न १६ वाचा.

१. अकादमिक स्वातंत्र्य आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य एकच ना?

नाही. अभिव्यक्तिस्वातंत्र्य प्रत्येक नागरिकाला आहे. चहाच्या टपरीवर पृथ्वी सपाट आहे म्हणायलाही ते चालतं. भूगोलाच्या प्राध्यापकाने वर्गात तसं शिकवलं, तर अकादमिक स्वातंत्र्य त्याच्या पाठीशी उभं राहत नाही. हे स्वातंत्र्य कामाशी बांधलेलं आहे. काय शोधायचं, कसं शिकवायचं, निष्कर्ष काय आला आणि तो कुठे छापायचा, हे त्या विषयातल्या जाणकारांनी विषयाच्या कसोट्यांवर ठरवावं. मंत्री, संस्थाचालक, देणगीदार किंवा दारात जमलेल्या घोळक्याने ठरवू नये.

युनेस्कोने १९९७ मध्ये उच्च शिक्षणातल्या अध्यापकांविषयी एक शिफारसपत्र मंजूर केलं. त्यात अध्यापन, संशोधन आणि प्रकाशन यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे, ती म्हणजे आपल्याच संस्थेबद्दल आणि व्यवस्थेबद्दल मोकळेपणाने मत मांडण्याचं स्वातंत्र्य. आपल्याकडे सगळ्यात आधी गळा दाबला जातो तो याचाच.

२. आपल्या राज्यघटनेत हे स्वातंत्र्य लिहिलेलं आहे का?

या नावाने नाही. जर्मनीच्या मूलभूत कायद्यातलं, म्हणजे तिथल्या राज्यघटनेतलं, कलम ५ कला, विज्ञान, संशोधन आणि अध्यापन मुक्त आहे असं सरळ म्हणतं. आपल्याकडे ते कलम १९(१)(अ) मधल्या भाषणस्वातंत्र्याच्या आधारानेच उभं राहतं. १९(२) मधल्या मर्यादा त्याला लागू होतात : सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, न्यायालयाचा अवमान, देशाची सुरक्षा वगैरे. ही यादी बंद आहे. ‘संस्थेची प्रतिमा मलिन होते’, ‘वरिष्ठांना आवडणार नाही’ ही कारणं तिच्यात नाहीत. शिवाय कलम ५१(अ) वैज्ञानिक दृष्टी आणि शोधक बुद्धी वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य मानतं.

डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ मध्येच इशारा दिला होता की शिक्षणावर सरकारचा एकहाती ताबा हुकूमशाहीला पोसतो. प्रजासत्ताक जन्माला यायच्या आधीचं हे वाक्य आहे. शिक्षकांच्या प्रत्येक प्रशिक्षणवर्गात ते वाचून दाखवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

३. आमच्या कॉलेजात कशावरच बंदी नाही. मग सेन्सॉरशिप आहे असं कसं म्हणता?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण बाकीची बहुतेक उत्तरं इथेच येऊन मिळतात.

डोळ्यांदेखतचा एक प्रसंग सांगते. एका कॉलेजात परिसंवाद होता. चार वक्त्यांची नावं असलेलं पत्रक सूचनाफलकावर लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर तिसऱ्या नावावर कोऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली. डिंक अजून ओला होता, त्यामुळे खालचं नाव उजेडात दिसत होतं. शिपायाला विचारलं, तो म्हणाला, “ऑफिसातून सांगितलं.” ऑफिस म्हणालं, “सरांनी सांगितलं.” सर म्हणाले, “वरून फोन होता, मॅडम. तुम्ही समजून घ्या.” वक्त्याला कळवलं गेलं की सभागृह उपलब्ध नाही. सभागृह दिवसभर रिकामं होतं, आत पंखे चालू होते.

त्या कॉलेजाच्या दप्तरात या घटनेचा एकही कागद नाही. आदेश नाही, ठराव नाही, सही नाही. उद्या कुणी माहिती मागवली तर उत्तर येईल, ‘असा कोणताही निर्णय झालेला नाही’, आणि ते तांत्रिकदृष्ट्या खरंच असेल.

आपल्या विद्यापीठांतली सेन्सॉरशिप प्रामुख्याने अशी असते. ती तोंडी असते. लेखी बंदीला कारण द्यावं लागतं, सही करावी लागते आणि न्यायालयात तिला आव्हान देता येतं. फोनवरच्या “जरा सांभाळून घ्या” ला आव्हान कशाच्या आधारावर देणार? पुढची पायरी याहून वाईट आहे. वर्षभराने त्या वक्त्याचं नाव यादीत कुणी सुचवतच नाही. फोन करायचीही गरज उरत नाही. माझ्या एका तरुण सहकाऱ्याने प्रकल्पांच्या विषयांची यादी मला दाखवण्याआधी स्वतःच तीन विषय पेन्सिलीने खोडले होते. कारण विचारलं तर म्हणाला, “उगाच कशाला?”

ते तीन विषय काय होते ते मी विचारलं नाही, याची चुटपुट आजही लागते.

४. अभ्यासक्रम ठरवतं कोण? एखादं पुस्तक काढायचा अधिकार कुणाला असतो?

महाराष्ट्रात सध्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू आहे. अभ्यासक्रमाचा मसुदा त्या विषयाचं अभ्यास मंडळ करतं. तो विद्याशाखेकडून विद्या परिषदेकडे जातो आणि तिथे मंजूर होतो. अधिसभेत चर्चा होऊ शकते. पण कवितेच्या पेपरात कुठली कविता हवी, हे ठरवणं व्यवस्थापन परिषदेचं काम नव्हे. राज्यपाल कुलपती असतात, म्हणून राजभवनातून पुस्तकं ठरतात असंही नाही. पुस्तक ज्या वाटेने आत आलं त्याच वाटेने बाहेर जावं, असा साधा संकेत आहे.

अडचण होते ती कुलगुरूंच्या तातडीच्या अधिकारांची. तातडीची परिस्थिती असेल तर कुलगुरू स्वतः निर्णय घेऊन नंतर तो संबंधित प्राधिकरणापुढे ठेवू शकतात. ही तरतूद मुळात परीक्षेचा खोळंबा, आग, पूर अशा अडीअडचणींसाठी आहे. ती पुस्तकावर कशी चालवली जाते ते पुढच्या उत्तरात पाहा.

५. मुंबई विद्यापीठाने रोहिंटन मिस्त्रींची कादंबरी काढली होती, तेव्हा नेमकं काय झालं होतं?

‘सच अ लाँग जर्नी’ ही १९९१ ची कादंबरी, त्याच वर्षी बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत आलेली. १९७१ च्या सुमाराची मुंबई आणि तिथलं एक पारशी कुटुंब हा तिचा विषय. इंग्रजी साहित्य घेणाऱ्या बी.ए.च्या विद्यार्थ्यांना ती आधीपासून शिकवली जात होती. २०१० मध्ये शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने कादंबरीतल्या काही वाक्यांना आक्षेप घेतला. शिवसेनेबद्दल आणि मराठी माणसाबद्दल त्यात अपमानकारक भाषा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रती जाळल्या गेल्या. तक्रारीत पुढे होते आदित्य ठाकरे, तेव्हा मुंबईतच शिकणारे. तत्कालीन कुलगुरू राजन वेळूकर यांनी तातडीचा अधिकार वापरला आणि वर्ष सुरू असताना पुस्तक अभ्यासक्रमातून बाहेर काढलं.

हे प्रकरण मी दरवर्षी वर्गात सांगते. आक्षेप घेणं हा नागरिकाचा हक्क आहे. कादंबरीतलं पात्र रागावून काही बोललं तर तेच लेखकाचं मत ठरतं का, हा तर साहित्याच्या वर्गातच चर्चेला घ्यावा असा प्रश्न. पण ती चर्चा व्हायच्या आतच पुस्तक गेलं. अर्धं पुस्तक शिकून झालेल्या मुलांना एका सकाळी कळलं की आता ते परीक्षेला नाही. आणि ‘तातडी’ कसली होती, तर बाहेर लोक चिडले होते एवढीच. त्या वेळी सेंट झेवियर्सचे प्राचार्य फादर फ्रेझर मस्कारेन्हस यांनी उघडपणे नापसंती व्यक्त केली. खुर्चीवर असताना असं बोलणारे प्राचार्य फार थोडे, म्हणून त्यांचं नाव इथे आवर्जून लिहिते.

६. तज्ज्ञांनी ‘ठेवा’ म्हटलं, तरीही काढता येतं का?

काढता येतं, आणि काढलंही गेलं आहे. ए. के. रामानुजन यांचा रामकथेच्या अनेक रूपांवरचा निबंध दिल्ली विद्यापीठात इतिहासाच्या अभ्यासक्रमात होता. २००८ मध्ये त्यावरून इतिहास विभागात तोडफोड झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि विद्यापीठाने चार तज्ज्ञांची समिती नेमली. तिघांना निबंधात काही गैर वाटलं नाही. एकाने पदवीच्या मुलांना तो पेलणार नाही असं मत दिलं. ऑक्टोबर २०११ मध्ये विद्या परिषदेने निबंध काढून टाकला. परिषदेत सगळ्या विद्याशाखांची माणसं असतात. इतिहासाच्या वाचनाचा निर्णय बहुमताने झाला आणि त्या बहुमतात इतिहास न शिकवणारेच जास्त होते.

२०२१ मध्ये त्याच विद्यापीठात इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून महाश्वेता देवींची ‘द्रौपदी’ आणि बामा व सुकिर्तराणी या दोन दलित लेखिकांचं लेखन वगळलं गेलं. हे काम एका देखरेख समितीने केलं आणि विद्या परिषदेतल्या काही सदस्यांनी लेखी असहमती नोंदवली. असहमतीची नोंद निर्णय बदलत नाही, पण दप्तरात राहते. तुम्ही कुठल्याही मंडळावर असाल तर ही सवय लावून घ्या.

७. अभ्यासक्रमातून काढणं म्हणजे पुस्तकावर बंदीच ना?

नाही. दोन्हींत गल्लत करू नये. अभ्यासक्रमातून काढलेलं पुस्तक दुकानात मिळतं, ग्रंथालयात राहतं. बंदी म्हणजे सरकारने प्रती जप्त करण्याचा आदेश काढणं. तो अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ मध्ये होता, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ मध्ये आहे. सरकारला त्यासाठी कारणं द्यावी लागतात आणि आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान देता येतं.

महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण म्हणजे जेम्स लेन यांचं शिवाजी महाराजांवरचं २००३ चं पुस्तक. त्यातल्या एका मजकुराने लोक दुखावले गेले आणि तो राग खरा होता. पुण्यातल्या इतिहास अभ्यासकांनीही त्या मजकुराला आक्षेप घेतला आणि प्रकाशकाने नोव्हेंबर २००३ मध्ये पुस्तक मागे घेतलं. म्हणजे विद्वत्तेच्या मार्गाने जे व्हायचं ते होत होतं. तरी डिसेंबरात संस्कृतचे अभ्यासक श्रीकांत बहुलकर यांना काळं फासण्यात आलं, केवळ लेखकाने ऋणनिर्देशात त्यांचं नाव घेतलं होतं म्हणून. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला. कपाटं आडवी केली, पोथ्या आणि पुस्तकं विस्कटली, फाडली. ज्या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिथल्या जमिनीवर कागदांचा खच पडला होता. त्यानंतर सरकारने पुस्तकावर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाने ती २००७ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निकाल कायम ठेवला.

मजकूर चुकीचा आहे असं मानणाऱ्यांच्या हाती तो खोडून काढायचं साधन होतं : कागदपत्रं, बखरी, संशोधन. ते सगळं ज्या इमारतीत होतं तीच फोडली गेली. याचं दुःख मला अजून आहे.

८. कार्यक्रम उधळण्याची धमकी आली. रद्द करणं शहाणपणाचं नाही का?

मुलांच्या जिवाला धोका असेल तर पुढे ढकला, त्यात कमीपणा नाही. पण ‘पुढे ढकलला’ असं लिहा आणि नवी तारीख द्या. पोलिसांना लेखी कळवा, बंदोबस्त मागा. संरक्षण देणं हे राज्याचं काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एस. रंगराजन खटल्यात स्पष्ट म्हटलं की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपायी अभिव्यक्ती दडपता येणार नाही. तो खटला चित्रपटाचा होता, पण तत्त्व सभागृहालाही लागू पडतं.

एकदा धमकीने कार्यक्रम रद्द झाला की पुढच्या वेळी धमकी आणखी स्वस्त होते. माझा अनुभव असा की विरोध करणाऱ्या संघटनेला प्रश्नोत्तरांत पहिली दहा मिनिटं देतो असं लेखी कळवलं, तर अर्ध्या वेळा ते येतात आणि चांगले प्रश्न विचारतात.

९. ‘भावना दुखावल्या’ म्हणून गुन्हा दाखल होईल अशी भीती वाटते. कायदा काय म्हणतो?

आधीच्या भारतीय दंड संहितेतलं कलम २९५-अ, आता भारतीय न्याय संहितेतलं कलम २९९. त्यात भावना दुखावणं पुरेसं नसतं. हेतू जाणूनबुजून आणि दुष्ट असावा लागतो. गटांत वैर पसरवण्याबद्दलचं कलम १५३-अ आता कलम १९६ आहे. दोन्हींत न्यायालयाने दखल घेण्याआधी सरकारची पूर्वमंजुरी लागते. शब्दांचा परिणाम कुणाच्या नजरेने मोजायचा, यावर नागपूर उच्च न्यायालयात १९४० च्या दशकात न्या. व्हिवियन बोस यांनी कसोटी घालून दिली : समंजस, खंबीर माणसाच्या नजरेने, प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणाऱ्या दुबळ्या मनाच्या नजरेने नव्हे. सर्वोच्च न्यायालय आजही तीच कसोटी लावतं.

हे झालं कायद्याच्या पुस्तकातलं. प्रत्यक्षात फेब्रुवारी २०२४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीलेतल्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीजमतींवरचा विद्यार्थ्यांचा नाट्यप्रयोग मध्येच बंद पाडला गेला. गुन्हा दाखल झाला, केंद्रप्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. नाटक आवडलं नाही तर समीक्षा लिहावी, निषेध करावा, पुढच्या रांगेतून उठून जावं. शिकाऊ मुलांनी रात्र कोठडीत काढावी, हे कुठल्याही बाजूच्या माणसाला योग्य वाटू नये.

महाराष्ट्रात नाटकाच्या संहितेची पूर्वतपासणी करणारं रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ अजून आहे, हेही बाहेरगावच्या वाचकांना माहीत नसतं. सार्वजनिक प्रयोग करायचा असेल तर संहिता आधी तिथे पाठवावी लागते.

१०. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस किंवा फेसबुकवर सरकारच्या धोरणावर टीका केली तर नोकरी जाईल का?

तुम्ही कुठे नोकरी करता यावर उत्तर बदलतं. शासकीय महाविद्यालयात असाल तर तुम्ही सरकारी कर्मचारी आहात आणि महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. त्यात शासनाच्या धोरणावर जाहीर टीकेला मनाई आहे. अनुदानित महाविद्यालयातल्या शिक्षकांना विद्यापीठाचे परिनियम लागू होतात. तुमच्यावर नेमके कोणते नियम चालतात ते नियुक्तिपत्रात पाहा, सहकाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. सरकारी नोकर झाल्याने मूलभूत हक्क संपत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच कामेश्वर प्रसाद खटल्यात सांगितलं आहे.

गुन्ह्याचं म्हणाल तर आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातलं प्रकरण आहे. एका महाविद्यालयातल्या काश्मिरी प्राध्यापकाने ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असं स्टेटस ठेवलं आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. हातकणंगले पोलिसांत गुन्हा दाखल झाला. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कलम ३७० रद्द करण्याच्या निर्णयावर टीका करायचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे, असं न्यायालयाने म्हटलं. निकाल चांगला लागला, पण त्यासाठी त्या माणसाला दिल्लीपर्यंत जावं लागलं. प्रक्रिया हीच शिक्षा होते ती अशी.

११. मी सीएचबीवर (तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर) शिकवतो. मला हे स्वातंत्र्य आहे का?

हा प्रश्न वाचून दरवेळी थांबायला होतं. तत्त्व म्हणून आहे. व्यवहारात तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला कुणी काढतच नाही, पुढच्या जूनमध्ये बोलावणं येत नाही एवढंच. नेट, सेट, पीएच.डी. असलेली माणसं दहा-दहा वर्षं अशी शिकवत आहेत. ज्याची नेमणूक दरवर्षी नव्याने होते त्याला प्राचार्यांची भुवई वाचावी लागते. त्याला भित्रा म्हणणाऱ्या कायम प्राध्यापकांचा मला राग येतो. रिक्त पदं भरणं हा अकादमिक स्वातंत्र्याचाच प्रश्न आहे, फक्त पगाराचा नव्हे.

करता येण्यासारखं एवढंच : वादाचा विषय असेल तर पाठाची टाचणं अभ्यासक्रमातल्या घटकाच्या क्रमांकासह ठेवा, वाचायला दिलेलं साहित्य विद्यापीठाच्या संदर्भसूचीतलं ठेवा, आणि विभागातल्या एका कायम सहकाऱ्याला आधी सांगून ठेवा. कायम असणाऱ्यांनो, तो सहकारी तुम्ही व्हा.

१२. पीएच.डी.चा विषय ‘जरा सौम्य करा’ असं सांगितलं जातंय. मान्य करावं का?

आधी कारण समजून घ्या. विषय अवाढव्य आहे, साधनं मिळणार नाहीत, पद्धत कच्ची आहे, ही अकादमिक कारणं आहेत आणि मार्गदर्शकाचं ते कामच आहे. ‘समितीत प्रश्न येतील’, ‘तुलाच पुढे नोकरीला त्रास होईल’ ही दुसऱ्या जातीची कारणं. पहिल्या प्रकारचं कारण मनावर घ्या. दुसऱ्या प्रकारचं असेल तर संशोधन सल्लागार समितीचा अभिप्राय लेखी मागा.

२०१९ मध्ये केरळच्या केंद्रीय विद्यापीठाने पीएच.डी.चे विषय ‘राष्ट्रीय प्राधान्या’नुसार असावेत असं परिपत्रक काढलं, तेव्हा अभ्यास मंडळावरच्या एका प्राध्यापिकेने राजीनामा दिला. तिथे निदान परिपत्रक तरी होतं. बहुतेक ठिकाणी शीर्षकातला एक शब्द गाळला जातो. बऱ्याचदा तो शब्द ‘जात’ हाच असतो.

१३. विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं म्हणून संस्था निलंबित करू शकते का?

शिस्तभंगाची कारवाई करू शकते, पण ती प्रमाणात हवी आणि बाजू मांडायची संधी हवी. टाटा समाजविज्ञान संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये एका दलित पीएच.डी. विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केलं. दिल्लीतल्या मोर्चातला सहभाग आणि समाजमाध्यमांवरचं लेखन ही त्यातली कारणं होती. मुंबई उच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निलंबन झाल्या तेवढ्या काळापुरतं मर्यादित करून त्याला शिक्षण पूर्ण करू द्यायला सांगितलं. तोवर एक वर्षाहून जास्त काळ गेला होता. तक्रारीसाठी यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक विद्यापीठात लोकपाल असायला हवा. तुमच्या विद्यापीठात तो कोण आहे हे आजच शोधून ठेवा.

१४. खाजगी विद्यापीठात जास्त मोकळीक असते असं ऐकलं. खरं का?

वर्गात कधीकधी असते, संकटात क्वचितच. मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध मागता येतात. खाजगी संस्थेतली नोकरी हा बहुतांशी करार असतो. अशोका विद्यापीठाचंच पाहा. मार्च २०२१ मध्ये तिथले प्राध्यापक प्रताप भानू मेहता बाहेर पडले, आणि आपण संस्थेला राजकीय ओझं वाटतो असं त्यांनी राजीनाम्यात सूचित केलं. २०२३ मध्ये निवडणुकांच्या आकडेवारीवरच्या एका शोधनिबंधावरून वादळ उठलं, विद्यापीठाने अंतर राखणारं निवेदन काढलं आणि तरुण लेखक-प्राध्यापक राजीनामा देऊन गेले. निबंध चूक की बरोबर हे अर्थशास्त्रज्ञांनी आकडे तपासून ठरवायचं होतं. काहींनी ते सुरूही केलं होतं.

परदेशी वक्त्यांच्या ऑनलाइन परिषदांना पूर्वपरवानगी लागते का, असंही विचारलं जातं. जानेवारी २०२१ मध्ये तसे निर्देश आले होते. सीमा, ईशान्य भारत, काश्मीर आणि ‘अंतर्गत बाबी’ असे विषय त्यात होते. विज्ञान अकादमींनी लेखी विरोध केला आणि पुढच्याच महिन्यात ते मागे घेतले गेले. एकत्र येऊन लिहिलेलं पत्र कामाला येतं, ते असं.

१५. हे सगळं एकाच पक्षाचं काम आहे ना? आणि शिक्षक वर्गात स्वतःचं राजकारण शिकवतात त्याचं काय?

दोन वेगळे प्रश्न, पण ते नेहमी जोडीनेच येतात.

पहिल्याचं उत्तर नाही. लेन यांच्या पुस्तकावरची बंदी काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारच्या काळातली. जादवपूर विद्यापीठाच्या प्राध्यापकाला व्यंगचित्र पुढे पाठवलं म्हणून २०१२ मध्ये अटक झाली तेव्हा बंगालमध्ये तृणमूलचं सरकार होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ६६-अ कलमाचा त्यात आधार घेतला ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं, तरी खटल्यातून सुटका व्हायला २०२३ उजाडलं. मे २०१२ मध्ये पाठ्यपुस्तकातल्या डॉ. आंबेडकरांवरच्या जुन्या व्यंगचित्रावरून त्या पुस्तकाचे सल्लागार असलेल्या सुहास पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली, ती आंबेडकरांचं नाव घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी केली. गेल्या दहा वर्षांत दबावाचं प्रमाण आणि धीटपणा वाढला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ‘आपल्या’ लोकांनी केलेली दडपणूक चालवून घेतली की दुसऱ्यांच्या दडपणुकीला विरोध करायचा अधिकार जातो.

दुसरा प्रश्न रास्त आहे. वर्गात शिक्षकाच्या हाती गुण असतात, म्हणून त्याचं मत आणि विद्यार्थ्याचं मत सारख्या वजनाचं नसतं. मत सांगावं, पण ‘हे माझं मत’ असं म्हणून, आणि विरोधी बाजू तिच्या सर्वांत भक्कम रूपात मांडून. वेगळं मत लिहिलं म्हणून गुण कापणारा शिक्षक अकादमिक स्वातंत्र्यच मोडत असतो. विद्यार्थ्याने त्याविरुद्ध पुनर्मूल्यांकन आणि तक्रार जरूर करावी. चोरून तासाचं चित्रीकरण करून बारा सेकंदांचा तुकडा पसरवू नये. त्याने त्या शिक्षकाचं नुकसान होतंच, पण पुढच्या वर्षीपासून तुमच्या धाकट्या भावंडांना फक्त गाइडातला मजकूर ऐकायला मिळतो.

१६. आज सकाळीच तोंडी आदेश आला : व्याख्यान रद्द करा, पुस्तक शिकवू नका. आत्ता काय करू?

वाद घालू नका. “ठीक आहे, पाहते,” म्हणून बाहेर या आणि तासाभरात ईमेल लिहा. मजकूर साधा असू दे :

“आज सकाळी सव्वादहाला आपल्या दालनात झालेल्या बोलण्यानुसार, द्वितीय वर्षाच्या पेपरमधील घटक ३ शिकवू नये अशी सूचना मला मिळाली. हा घटक विद्यापीठाच्या मंजूर अभ्यासक्रमात आहे. कृपया सूचना लेखी मिळावी, म्हणजे विद्यार्थ्यांना कळवता येईल. लेखी सूचना येईपर्यंत मी वेळापत्रकानुसार अध्यापन सुरू ठेवत आहे.”

कुणाला दोष नाही, विशेषणं नाहीत, तत्त्वज्ञान नाही. प्रत विभागप्रमुखांना, आणि स्वतःच्या खाजगी ईमेलवरही. माझ्या माहितीतल्या सात-आठ प्रसंगांपैकी निम्म्यांहून जास्त ठिकाणी या ईमेलला उत्तरच आलं नाही आणि तास झाला. तोंडी बोलणाऱ्याला सही करायची नसते.

उत्तर आलंच तर तुमच्या हातात कागद आहे. विद्यापीठं आणि अनुदानित महाविद्यालयांना माहितीचा अधिकार लागू होतो : दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. त्या कायद्याचं कलम ४ असं सांगतं की प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला द्यायलाच हवीत. अर्जात ‘का’ असं विचारू नका, कागद मागा : निर्णयाची प्रत, टिपणीची प्रत, बैठकीचं इतिवृत्त. संघटनेचे सदस्य असाल तर एमफुक्टोशी (राज्यातल्या प्राध्यापक संघटनांच्या महासंघाशी) जोडलेल्या तुमच्या स्थानिक संघटनेला त्याच दिवशी कळवा, निलंबन झाल्यावर नव्हे. सेवेतून काढलंच तर विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणात दाद मागता येते. मुदत थोडी असते, त्यामुळे आदेश हातात पडेल त्याच दिवशी वकील गाठा.

आणि एक वही ठेवा. तारीख, वेळ, कोण, कुठे, कोणत्या शब्दांत. मी अशी वही २०११ पासून ठेवते. त्या पट्टी चिकटवलेल्या पत्रकाचा फोटो काढायचं तेव्हा सुचलं नाही. पण वहीत तारीख आहे आणि पट्टीखालून दिसलेलं नावही.